रीफ टाकीतलं शेवाळ आणि बोअरचं टॉप-अप

प्रश्न थोडक्यात असा. भुसावळला घरी चार बाय दीड बाय दीड फुटांची रीफ टाकी (खाऱ्या पाण्यातले मासे आणि कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायची टाकी) आहे, खाली सम्प (पाणी गाळून परत वर पाठवणारी दुसरी टाकी) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र). टाकीला दहा महिने झाले. आत दोन क्लाउनफिश, एक डॅमसेल, लेदर, झोआ आणि मशरूम ही मऊ कोरल. मार्चपासून दगडांवर हिरवं, केसांसारखं शेवाळ वाढतंय आणि वाळूवर तपकिरी थर येतोय. दर पंधरा दिवसांनी तिसरा हिस्सा पाणी बदललं, शेवाळ मारायचं औषधही दोनदा टाकलं, पण काही दिवसांत पुन्हा तेच. टेस्टचे आकडे: नायट्रेट ०, फॉस्फेट ०, केएच (पाण्याची अल्कता) १३, सॅलिनिटी (खारटपणा) ३६, दुपारचं तापमान ३० अंश. मिठाचं पाणी घरच्या आरओवर बनवतात. पण उन्हाळ्यात रोज पाचेक लिटर पाणी उडतं, तेवढं आरओ पुरत नाही, म्हणून टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर, बोअरच्या पाण्याचं. शेवटी विचारलंय की शेवाळ खायला पिवळा टँग मासा आणू का, आणि ओळखीतला एकजण गुजरातमधल्या ओख्याकडून लाइव्ह रॉक (जिवाणू आणि छोटे जीव असलेला समुद्रातला दगड) आणून देतो म्हणतो, तो घेऊ का.

भाऊ, तुम्ही दिलेल्या आकड्यांत मला सगळ्यात बोलका वाटला तो केएच १३. बाजारात मिळणारं बहुतेक सागरी मीठ ८ ते ११ केएच देतं. तुमच्याकडचे लेदर, झोआ, मशरूम कठीण सांगाडा बांधत नाहीत, म्हणजे केएच फारसा खातही नाहीत. पण वाढवण्याचं काम तर ते करूच शकत नाहीत. मग हे जास्तीचे दोन-चार अंश आले कुठून? टॉप-अपच्या बादलीतून. आणि ज्या बादलीतून केएच आला, त्याच बादलीतून शेवाळाचं जेवण आलं.

हिशेब मांडून बघा. दगड-वाळू वजा जाता तुमच्या टाकीत साधारण २०० लिटर पाणी असेल. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅम) ९०० धरला तर पाच लिटरमागे रोज साडेचार ग्रॅम क्षार टाकीत पडतात, महिन्याला १३५ ग्रॅम. टाकीत मुळात सात किलो मीठ विरघळलेलं असतं, त्यामुळे हे १३५ ग्रॅम रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या यंत्रावर) जेमतेम पाऊण अंश दिसतात. तुमचं ३५ चं ३६ झालं ते यातलंच असावं, पण त्यावरून कुणाला शंका येत नाही. आता त्या पाण्याची अल्कता लिटरला ३५० मिलिग्रॅम असेल, आपल्याकडे असू शकते, तर तो झाला साडेएकोणीस केएच. त्याचे पाच लिटर २०० लिटरांत गेले की रोज अर्धा अंश केएच चढतो. आणि नायट्रेट? रावेर-यावलपासून खाली केळीच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं ठिबकमधून युरिया आणि विद्राव्य खतं जमिनीत जातात. त्यातलं झाडानं न घेतलेलं नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तुमच्या बोअरला ४० आहे असं धरू, म्हणजे माणसाला पिण्यासाठी 'पास' असलेलं पाणी. रोज पाच लिटर म्हणजे २०० मिलिग्रॅम, २०० लिटरांत रोज १ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), महिन्याला ३०. तुम्ही महिन्यात दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदलून त्यातलं थोडं बाहेर काढता आणि उरलेल्या अठ्ठावीस दिवसांत पुन्हा भरता.

यात सिलिकेट धरलेलं नाही. आपल्या काळ्या बेसॉल्ट दगडातून आणि तापीच्या गाळातून येणाऱ्या भूजलात सिलिका असतेच, आणि वाळूवरचा तुमचा तपकिरी थर बहुधा त्याच सिलिकेटवर वाढलेल्या डायटम्सचा, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळाचा आहे.

मग नायट्रेट शून्य का दिसतं? कारण किट फक्त पाण्यात सुट्टं उरलेलं मोजतं. शेवाळानं आत घेतलेलं त्याला दिसत नाही. दगडावर बोटभर लांब शेवाळ आणि टेस्टमध्ये शून्य, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. जे येतं ते संध्याकाळपर्यंत शेवाळ खाऊन टाकतं. फॉस्फेटचं आणखी एक दुखणं: रंग जुळवायच्या स्वस्त किटमध्ये ०.०५ आणि ० यांतला फरक डोळ्याला कळत नाही, आणि आपल्याला नेमका तोच पट्टा हवा असतो. परवडत असेल तर फॉस्फेटसाठी हॅना कंपनीचा छोटा डिजिटल चेकर घ्या. आणि या आठवड्यात टाकीच्या आधी बोअरचं पाणी, आरओचं पाणी आणि नुकतंच कालवलेलं मिठाचं पाणी या तिन्हींचं नायट्रेट, फॉस्फेट आणि केएच मोजा. गोड्या पाण्यावर सागरी किटचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, किटच्या कागदावर त्याची सूचना असते. पण ० की ४० एवढं नक्की कळतं.

आता आरओ. घरातलं पिण्याचं आरओ यंत्र माणसाच्या जिभेसाठी बनवलेलं असतं. त्यात टीडीएस कंट्रोलर नावाचा एक नॉब किंवा आतली एक बारीक नळी असते. ती मेम्ब्रेनमधून (क्षार अडवणाऱ्या पडद्यातून) न गेलेलं पाणी थोडं थोडं शुद्ध पाण्यात मिसळते, म्हणजे चव येते. त्या चवीसोबत नायट्रेट आणि सिलिकेटही येतं. त्यापुढे मिनरल कार्ट्रिज असतं. आणि हल्ली बऱ्याच यंत्रांत तांब्याचं कार्ट्रिजही असतं. हे तिसरं सगळ्यात घातक. पिण्याच्या पाण्यात माणसाला लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं असं मानक सांगतं. सागरी माशांच्या आजारावर जो तांब्याचा डोस देतात तो ०.१५ ते ०.२०, आणि तेवढ्यात गोगलगायी, कोळंबी, कोरल सगळं मरतं. तुमच्या टाकीत गोगलगाय टिकत नसेल तर यंत्रावर 'कॉपर' लिहिलंय का ते आधी बघा. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाईट वाटेल, पण तांब्याच्या हंड्यातलं पाणीही टाकीला लावू नका.

उपाय एवढाच: सर्व्हिसवाल्याला बोलावून मेम्ब्रेनच्या लगेच पुढे, कंट्रोलर आणि कार्ट्रिजच्या आधी, एक टी (तीन तोंडांचा जोड) काढून घ्या आणि त्यावर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) एक पारदर्शक हाउसिंग लावा. पिण्याची लाइन तशीच राहते, टाकीची लाइन वेगळी होते. चांगली मेम्ब्रेन ९५ टक्क्यांच्या आसपास क्षार अडवते. म्हणजे ९०० चं पाणी ४०-५० वर येतं आणि उरलेलं रेझिन शोषतं. रेझिननंतर टीडीएस ० हवा. १ दिसला की रेझिन बदलायची तयारी, आणि ती मनावर घ्या, कारण रेझिन थकायला लागलं की सिलिका सगळ्यांच्या आधी निसटते आणि टीडीएस मीटरला ती जवळजवळ दिसत नाही. मीटर शून्य दाखवत असताना वाळूवर तपकिरी थर आला तर शंका रेझिनवर घ्यायची. बोअरपेक्षा नगरपालिकेचं पाणी यंत्राला दिलंत तर रेझिन कितीतरी जास्त दिवस पुरेल. नळ ज्या दिवशी येतो त्या दिवशी तेवढ्यासाठी पन्नास-शंभर लिटरचा एक ड्रम भरून ठेवा. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की पहिला स्पन फिल्टर लवकर तुंबतो, दाब कमी होतो आणि मेम्ब्रेन नीट काम करत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तो वेळेआधी बदला.

'आरओ पुरत नाही' ही तुमची अडचण मात्र मला पटलेली नाही. घरगुती मेम्ब्रेन तासाला आठ-दहा लिटर पाणी देते. रोज अर्धा तास यंत्र चालवलं तर टॉप-अप भागतं. तुम्हाला पुरत नाही कारण यंत्राची टाकी छोटी आहे आणि ती भरली की यंत्र थांबतं. फ्लोट लावलेला वीस-पंचवीस लिटरचा स्वच्छ कॅन खाली ठेवला की प्रश्न संपतो. जे पाणी वाया जातं ते फरशी पुसायला आणि गाडी धुवायला. कुंड्यांना ते फार दिवस घालू नका, क्षार साठतात.

जोवर ही जोडणी होत नाही तोवर काय? वीस लिटरचे थंड पाण्याचे जार आणू नका. प्लँटवाले चवीसाठी कच्चं पाणी मिसळतात, टीडीएस रोज वेगळा असतो. त्यापेक्षा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला जे डीएम (क्षार काढलेलं) पाणी मिळतं ते बरं. फक्त सीलबंद, नवा कॅन घ्या. सुट्टं पाणी भरून देणाऱ्याकडचे कॅन कधीकाळी ॲसिडचे असतात. घरी आणून टीडीएस बघा, ० ते २ असेल तरच वापरा.

एवढं केलंत की निम्मं काम झालं, पण शेवाळ लगेच जाणार नाही, आणि इथेच बहुतेक जण हातपाय गाळतात. कारण दगड. आपल्या टाकीतला दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते पाण्यातलं फॉस्फेट स्वतःला चिकटवून घेतं. पाण्यातलं फॉस्फेट कमी झालं की दगड साठवलेलं हळूहळू परत सोडतो. शेवाळ दगडावरच का चिकटून बसतं, काचेवर तेवढं का नाही, याचं हेही एक कारण आहे. हे देणं फिटायला काही महिने लागतात. या काळात औषधं टाकणं म्हणजे शेतात तणनाशक मारायचं आणि खतही सोडत राहायचं. शेवाळ मरतं, सडतं, त्यातलं नायट्रेट-फॉस्फेट त्याच पाण्यात उतरतं आणि पुढच्या शेवाळाला मिळतं. तुमचं दोनदा तेच झालंय.

म्हणून शेवाळ मारायचं नाही, बाहेर काढायचं. जे उपटून बाहेर फेकलं, त्याच्या पोटातलं फॉस्फेट कायमचं गेलं. पाणी बदलायच्या दिवशी दगड हातानं उचलता येत असेल तर त्याच काढलेल्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत तो धरून जुन्या, कडक दातघासणीनं खरवडा, दुसऱ्या बादलीत बुडवून हलवा आणि परत ठेवा. नळाखाली दगड धुवायचा नाही, त्यातले जिवाणू मरतात आणि अमोनिया वर येतो. जे दगड काढता येत नाहीत, त्यांच्यासाठी एअर पंपाची नळी दातघासणीला रबरबँडनं बांधून सायफन करा: घासताना सुटलेलं तिथल्या तिथे ओढलं जातं. घासून टाकीतच सोडून दिलंत तर तुकडा तुकडा नवीन जागी रुजतो. आधी उपटणं, मग पाणी काढणं, मग नवीन पाणी, हा क्रम. आठवड्याला १५ टक्के पुरे. पंधरा दिवसांनी एकदम ३३ टक्के बदलण्यापेक्षा ते कोरलला सोसतं. केएच १३ वरून खाली आणायला काहीही टाकू नका. बोअर बंद आणि नवीन पाणी सुरू झालं की तो आपोआप ८-९ वर येईल.

दुसरा दरवाजा खाद्याचा. कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यातून तीसेक मिलिग्रॅम फॉस्फेट. २०० लिटरांत ते ०.१५ पीपीएम होतं, आणि आपल्याला टाकीत हवं ०.०३ ते ०.१. सगळंच काही पाण्यात राहत नाही, मासे घेतात, स्किमर काढतो. पण तीन माशांना दिवसात दोनदा चिमूट-चिमूट टाकलं की बेरीज कुठे जाते ते दिसतंच. तीन लहान माशांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोठवलेली कोळंबी देत असाल तर आरओच्या पाण्यात वितळवून, गाळणीत धुवून मग द्या. सुकट किंवा बोंबलाचा चुरा नको. आणि सुट्टीत गावाला जाताना शेजाऱ्याच्या हातात अख्खा डबा देऊ नका. रोजच्या पुड्या बांधून ठेवा, बाकी डबा कपाटात. मासे चार दिवस कमी खाऊन मरत नाहीत, चार दिवस जास्त टाकल्यानं टाकी मरते.

फॉस्फेट खाली आणायला ग्रॅन्युलर फेरिक ऑक्साइड चालतं, पण सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्यानं सुरू करा. एकदम शून्यावर आणलंत तर दोन गोष्टी होतात. लेदर आणि झोआ मिटून बसतात. आणि दुसरं म्हणजे डायनो येतात. डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, हे हेअर अल्गीपेक्षा, म्हणजे तुमच्या त्या केसांसारख्या शेवाळापेक्षा, कितीतरी वाईट दुखणं आहे. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य झालं, बाकीचं शेवाळ-जिवाणू उपाशी पडले, की रिकामी जागा ते घेतात. तपकिरी, शेंबडासारखे धागे, टोकाला हवेचे बुडबुडे, दुपारी गच्च आणि पहाटे जवळजवळ गायब. त्यातल्या काही जाती विषारी असतात. असे डायनो खाल्लेल्या गोगलगायी पटापट मरतात. म्हणून लक्ष्य शून्य नाही: नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१.

तुमच्या वाळूवरचा तपकिरी थर डायटमचा की डायनोचा, हे मला वाचून सांगता येत नाही. चमचाभर थर बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी काचेच्या पेल्यात तासभर उजेडात ठेवा. पुन्हा धागे जमून गोळा झाला तर डायनो धरा. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. ४०० पट पुरतं, ओळखीतले विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक असतील तर त्यांच्या प्रयोगशाळेत पाच मिनिटांचं काम आहे. डायटम असेल तर शुद्ध पाणी सुरू झाल्यावर तो स्वतःच विरेल. डायनो निघाले तर उलटा रस्ता धरायचा: पाणी बदलणं थांबवायचं, फेरिक ऑक्साइड काढायचं, नायट्रेट-फॉस्फेट वर आणायचं. मात्र जो प्रकार रात्री पाण्यात तरंगतो त्यालाच यूव्ही दिव्याचा फायदा होतो, वाळूत बसून राहणाऱ्याला नाही. लालसर-जांभळी, चादरीसारखी उचलता येणारी साय दिसली तर तो सायनो, शेवाळ नव्हे, जिवाणू. तिथे प्रवाह कमी आहे एवढा निरोप तो देतो. वेव्हमेकरचं (प्रवाह तयार करणाऱ्या पंपाचं) तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा आणि सायफननं साय काढा.

उजेडाचं लवकर उरकतो. आठ तास, निळा जास्त, पांढरा कमी, लाल-हिरवं चॅनल जवळजवळ बंद. टाकीवर पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन येत असेल तर पडदा लावा.

आता तापमान. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे टाकी ३० वर राहते म्हणजे तुमची खोली बरी आहे. पण ३० जास्तच. २५ ते २७ हवं, २८ पर्यंत चालतं. पाच लिटर पाणी उडतं याची तुम्ही तक्रार केलीय. मी म्हणेन, ते उडू द्या. एक लिटर पाण्याची वाफ झाली की २०० लिटरमधून जवळपास तीन अंशांएवढी उष्णता निघून जाते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे दोन छोटे पंखे चिलरचं बरंचसं काम करतात. वरची काच काढून जाळी टाका. मात्र त्याच खोलीत डेझर्ट कूलर लावला की हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग निम्म्यावर येतो. कूलर लावायचाच असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा, हवा वाहती राहिली पाहिजे. जूनच्या मध्यापासून हवा ओली झाली की पंखे तसेही चालत नाहीत, पण तोवर बाहेरचा पारा उतरलेला असतो. अडचण येते ती जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, उकाडाही आणि दमटपणाही; तेव्हा आरओच्या पाण्याच्या गोठवलेल्या सीलबंद बाटल्या सम्पमध्ये सोडा, दिवसाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त उतार नको. पाणी जास्त उडतं म्हणून टॉप-अप दिवसातून एकदा बादलीनं ओतू नका, सॅलिनिटी खालीवर होते. सम्पमध्ये फ्लोट व्हॉल्व्ह लावून वरच्या कॅनमधून बारीक नळीनं थेंब थेंब सोडा. ठिबक कशी बसवायची हे खानदेशात मी सांगायची गरज नाही.

टॉप-अपच्या पाण्यात चुन्याची निवळी द्यायची का, असं पुढे कुणी सुचवेल. पद्धत चांगली आहे, निवळीनं पीएच चढतो आणि थोडं फॉस्फेट खालीही बसतं, पण तुम्हाला नको. संपृक्त निवळीचे पाच लिटर रोज गेले तर तुमच्या टाकीत दिवसाला पावणेतीन केएच चढेल आणि तुमचे मऊ कोरल त्यातलं काहीच वापरणार नाहीत. कठीण कोरलच्या टाकीसाठी ती गोष्ट आहे. आणि पानाला लावायचा चुना तर कुणालाच नको, त्यात काय काय मिसळलंय कळत नाही.

लोडशेडिंगचा संबंध शेवाळाशी आहे, म्हणून इथेच सांगतो. २५ अंशांच्या समुद्रपाण्यात लिटरला साधारण पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सव्वासहाच्या आसपास. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री स्वतः ओढतं, त्यामुळे शेवाळानं भरलेल्या गरम टाकीत पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. त्या वेळी वीज गेली की मासे वर येऊन धापा टाकतात. सगळी टाकी इन्व्हर्टरवर घेऊ नका. एक वेव्हमेकर पुरे, त्याचं तोंड पृष्ठभागाकडे करून. जमलं तर बॅटरीवर चालणारा एक एअर पंप सुटा ठेवा. सम्पमध्ये वरची जागा मोकळी ठेवली आहे ना ते एकदा मुद्दाम रिटर्न पंप (सम्पमधून पाणी वर चढवणारा) बंद करून बघा, नाहीतर वीज गेल्यावर टाकीतलं पाणी फरशीवर येतं. संध्याकाळी डासांचा स्प्रे त्या खोलीत मारू नका. त्यातलं पायरेथ्रॉइड मासे आणि कोळंबी दोघांनाही घातक आहे, आणि एअर पंप ते थेट पाण्यात ढकलतो.

सम्पमध्ये एखादा कप्पा रिकामा असेल तर किटोमॉर्फा लावा. गुंतवळासारखं दिसणारं हे हिरवं शेवाळ मूठभर टाकायचं, वर एक छोटा दिवा, तो मुख्य दिवे बंद असताना रात्री चालवायचा. टाकीतल्या शेवाळाचं जेवण ते खातं, आणि रात्री पीएच पडतो तोही सावरतो. महिन्यातून एकदा निम्मं काढून फेकायचं, हेच त्याचं खरं काम. पण सुरुवातीला, जोवर दगडावर हेअर अल्गीचं राज्य आहे, तोवर ते नीट वाढणार नाही, म्हणून हातानं उपटणं टाळता येत नाही.

तुमचं शेवाळ साधं हेअर अल्गी नसून ब्रायॉप्सिस असू शकतं का, तेवढं बघून घ्या. एक फांदी पाण्याबाहेर न काढता भिंगानं बघा: मोरपिसासारख्या दोन्ही बाजूंना फांद्या फुटलेल्या दिसल्या तर ब्रायॉप्सिस, नुसता केस असेल तर नाही. ब्रायॉप्सिस खाद्य तोडून जात नाही, त्याला गोगलगायीही फारशा खात नाहीत. तिथे मात्र औषधाला पर्याय नाही. फ्लुकोनॅझोल लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या हिशेबानं दोन आठवडे, फिल्टरमधला कार्बन काढून, एअर पंप चालू ठेवून. दगड-वाळू वजा करून पाण्याचा खरा आकडा काढल्याशिवाय मात्र हात लावू नका. साध्या हेअर अल्गीवर ते टाकायची गरज नाही.

टँग आणू नका. पिवळा टँग वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्याला पोहायला लांबी लागते आणि चार फूट त्याच्यासाठी काठावरची जागा आहे. बोटभर वाढलेलं हेअर अल्गी तो बहुतेक वेळा खातही नाही, त्याला कोवळं लागतं. मग तुम्ही त्याला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) आणि गोळ्या घालाल आणि नायट्रेट आणखी वाढेल. त्याऐवजी शेवाळ हातानं आखूड केल्यावर चार-पाच ट्रोकस गोगलगायी सोडा. त्या उलट्या पडल्या तरी स्वतः सरळ होतात. त्यांना एअर नळीला गाठ मारून, सेकंदाला दोन-तीन थेंब अशा वेगानं तास-दीड तास सवय द्या. गोगलगायींना सॅलिनिटीचा धक्का माशांपेक्षा जास्त लागतो.

ओख्याचा दगड घेऊ नका. रीफ बांधणारे सगळे कठीण कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, सी-फॅन (पंख्यासारखं दिसणारं कोरल) आणि समुद्रघोडेही. कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि ओख्याजवळचा किनारा त्याला लागूनच. त्या किनाऱ्यावरून उचललेला दगड बहुधा कोरलचाच असतो, जिवंत असो की मेलेला. रेल्वेत पिशवी उघडली गेली तर तुमचा ओळखीतला माणूस उत्तर देत बसेल आणि तुमचं नाव सांगेल. शिवाय तुमच्या टाकीला दगड कमी नाहीत. असलेल्या दगडांतलंच फॉस्फेट अजून निघायचंय. पुढे कधी वाढवायचेच झाले तर कोरडा दगड घ्या, डीआयच्या पाण्यात कालवलेल्या मिठाच्या पाण्यात, अंधारात, पंप लावून महिना-दीड महिना ठेवा, दर आठवड्याला त्या ड्रमातलं फॉस्फेट मोजा आणि ते ०.१ च्या खाली स्थिरावल्यावरच दगड टाकीत न्या.